हातांची मात्रा

शिवनेरीवर शिवकुंजाकडून शिवजन्मस्थानाच्या इमारतीकडे निघाले की वाटेत हमामखाना लागतो. बहुतेकांचे पाय तिथे थांबत नाहीत, कारण ओढ पाळण्याच्या दर्शनाची असते. हमाम म्हणजे नुसते न्हाणीघर नव्हे. गरम पाणी, वाफ आणि मग अंग रगडून देणारा माणूस, अशी ती इराण-तुर्कस्तानाकडून आलेली रीत. मलिक अहमदने १४९० मध्ये निजामशाहीचा कारभार मांडला तो या गडाखालच्या जुन्नरातच. अहमदनगर त्यानंतर वसले. हमामाचा थाट अर्थातच सरदार-दरकदारांपुरता होता. गडाच्या पायथ्याच्या गावांत चुलीवर कोमट केलेले तेल आणि एक जाणता हात, एवढ्यावर भागत असे.

जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत आजही मालिश म्हटले की आधी 'स्पा'ची पाटी आठवत नाही. तीन जागा आठवतात: बाळंतिणीची न्हाणी, पैलवानांची तालीम आणि दिवसभर राबून आलेल्या माणसाची ओसरी. गेल्या चाळीसएक वर्षांत संशोधकांनी मालिशीचा जो पाठपुरावा केला, तोही याच तिघांभोवती फिरला: नवजात बाळ, थकलेला स्नायू आणि दुखरी पाठ. त्यातून हाती लागले ते जाहिरातींतल्या दाव्यांपेक्षा बरेच लहान आहे, पण भरवशाचे आहे. मालिश कोणत्या पद्धतीची, यापेक्षा ती किती वेळ, किती जोराने आणि किती दिवस केली, यावर गुण जास्त अवलंबून असतो, असे ही माहिती सांगते.

न्हाणीतला हात

सकाळची कामे उरकली की मालिशवाली बाई येते. लुगडे गुडघ्यापर्यंत सारून ती पाटावर पाय लांब करून बसते आणि बाळाला नडग्यांवर उताणे घेते. तेलाचे बोट आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघते. मग छातीवरून खांद्यांकडे, खांद्यापासून मनगटापर्यंत, मांडीपासून घोट्यापर्यंत हात फिरू लागतो. बाळाचा उजवा हात आणि डावा पाय तिरके जुळवायचे, मग डावा हात आणि उजवा पाय. बाळाला पालथे घालून पाठ चोळायची, टाळू भरायची, ऊन पाणी घालायचे, अंग पुसून दुपट्यात गुंडाळायचे. रडून लाल झालेले बाळ दूध पिता पिता झोपी जाते.

डच डॉक्टर योहान मेझगर याने एकोणिसाव्या शतकात मालिशीच्या हालचालींची वर्गवारी केली: हात लांबवर फिरवणे, मळणे, एकाच जागी घासणे आणि थोपटणे. पुढे जगभर शिकवली गेलेली 'स्वीडिश' मालिश या चार हालचालींवर उभी आहे. ओतूर किंवा घोडेगावच्या मालिशवालीने मेझगरचे नाव ऐकलेले नसते, पण तिच्या एका सकाळीत चारही हालचाली येऊन जातात.

बाळाला यातून काय मिळते, याचा पहिला धागा उंदरांत सापडला. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात सॉल शानबर्ग यांच्या गटाला दिसले, की पिल्ले आईपासून दूर केली की त्यांच्यातले वाढीचे संप्रेरक घटते. ओला कुंचला आईच्या जिभेसारखा अंगावरून फिरवला, की ते पुन्हा पूर्वपदावर येते. त्यानंतर टिफनी फील्ड यांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांवर अभ्यास केला. दिवसातून तीन वेळा, १५-१५ मिनिटे, असे १० दिवस या बाळांना चोळले आणि त्यांच्या हातापायांची हालचाल करवली. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा: तेवढेच दूध पिऊनही या बाळांचे वजन इतरांपेक्षा ४७ टक्के अधिक वेगाने वाढले आणि ती सरासरी सहा दिवस आधी घरी गेली. फील्ड यांनी १९९२ मध्ये मायामी विद्यापीठात स्पर्शाच्या अभ्यासासाठी स्वतंत्र संस्थाच उभारली. पुढच्या अभ्यासांत जोराचा मुद्दा पुढे आला. गुदगुल्या झाल्यासारख्या हलक्या हाताने वजन वाढत नव्हते. बेताचा दाब लागत होता.

तेलाचा प्रश्न मुंबईत तपासला गेला. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २२४ नवजात बाळांचे गट पाडले. काहींना खोबरेल, काहींना खनिज तेल, तर काहींना पावडर लावून महिनाभर मालिश केली. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत खोबरेल लावलेल्यांचे वजन सर्वांत वेगाने वाढले. हा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी ढाक्याच्या बाल रुग्णालयातून बातमी आली, की सूर्यफुलाचे तेल लावलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांत जंतुसंसर्गाचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी भरले. अशा बाळांची त्वचा कच्ची असते, तिच्यातून पाणी बाहेर जाते आणि जंतू आत शिरतात. योग्य तेलाचा थर ती वाट काही अंशी अडवतो. मोहरीचे तेल मात्र त्वचेच्या या आवरणाला उलट इजा करते, असे प्रयोगात दिसले आहे.

परंपरेतल्या सगळ्याच गोष्टी या कसोटीला उतरत नाहीत. नाका-कानांत तेल सोडणे, नाक सरळ व्हावे म्हणून चिमटीने ओढणे, बाळाच्या छातीतून 'दूध' पिळून काढणे, या गोष्टी बालरोगतज्ज्ञ ठामपणे बंद करायला सांगतात. वावडिंग-ओव्याची धुरीही त्याच यादीत येते. कोवळ्या फुफ्फुसांना धूर सोसत नाही.

सव्वा महिना कुणाचा?

बाळापाठोपाठ पाळी बाळंतिणीची. कंबर, मांड्या, पोटऱ्या रगडायच्या, कढत पाण्याने न्हाऊ घालायचे, मग शेगडीचा शेक. हे सव्वा महिना चालते. ज्यांच्या वाट्याला ते आले, त्या बायका म्हातारपणीही त्याची आठवण काढतात. पण सव्वा महिना निजून राहायला घरात दुसरे हात लागतात, आणि मालिशवालीला द्यायला पैसा-धान्य लागते.

तमाशाचे माहेरघर म्हणवणाऱ्या नारायणगावात याची दुसरी बाजू सांगितली जाते. तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (१९३५–२००२) यांना १९५७ आणि १९९० मध्ये राष्ट्रपती पुरस्कार मिळाले. नऊ महिने भरलेले असताना त्या फडावर नाचत होत्या, कळा सुरू झाल्यावर आत जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा बोर्डावर उभ्या राहिल्या, ही हकिकत तमाशाच्या दुनियेत सर्वतोमुखी आहे. तेल, शेक, पथ्यपाणी हे सगळे ज्यांच्यासाठी नव्हतेच, अशा बायका याच गावांत राहत होत्या. दुसऱ्याच्या बांधावर रोजाने जाणारीची गोष्टही फार वेगळी नव्हती.

बाळंतिणीच्या बाबतीत एक धोका मालिशवालीलाही ठाऊक हवा. बाळंतपणानंतरच्या सहा आठवड्यांत पायाच्या खोल शिरांत रक्ताची गुठळी होण्याची शक्यता एरवीपेक्षा बरीच जास्त असते. एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखू लागली, तर तिला हात लावायचा नाही. रगडल्याने गुठळी सुटून फुफ्फुसात जाऊन अडकू शकते आणि तसे झाले तर जीवच धोक्यात येतो. अशा वेळी तेलाची वाटी बाजूला ठेवून मंचरचे उपजिल्हा रुग्णालय गाठावे, किंवा जवळचे जे असेल ते. सिझेरियन झालेले असेल तर टाके भरून येईपर्यंत पोटाला दाब द्यायचा नाही.

सेकंदाला तीन सेंटिमीटर

हाताच्या गतीचा हिशेब स्वीडनच्या संशोधकांनी मांडला. केसाळ त्वचेत, म्हणजे दंड, पाठ, मांडी इथे, संथ स्पर्शासाठी वेगळे बारीक मज्जातंतू असतात. 'इथे काहीतरी लागले' हा निरोप नेणारे तंतू वेगवान असतात. हे मात्र सावकाश चालतात आणि मेंदूच्या भावनांशी जोडलेल्या भागाला निरोप देतात. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात माणसांच्या हातावरून मऊ ब्रश वेगवेगळ्या गतीने फिरवला. सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर या गतीला हे तंतू सर्वांत जास्त जागे झाले, आणि लोकांनाही तोच स्पर्श सर्वांत सुखाचा वाटला. तान्ह्या बाळाचा खांद्यापासून मनगटापर्यंतचा हात १५ सेंटिमीटर धरला, तर सेकंदाला तीन सेंटिमीटरच्या गतीने एका फेऱ्याला पाच सेकंद लागतात. घाईच्या हाताने बाळ का रडते, याचे एक कारण इथे असावे.

दुखऱ्या जागेवर हात चोळला की दुखणे कमी का वाटते, याचे उत्तर रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये सुचवले. स्पर्शाचे आणि वेदनेचे निरोप मज्जारज्जूत एकाच दारातून पुढे जातात. स्पर्शाची गर्दी झाली की वेदनेला वाट कमी मिळते. या कल्पनेत पुढे बऱ्याच दुरुस्त्या झाल्या, पण तिचा गाभा टिकून आहे.

तालमीतला रगडा

चैत्र-वैशाखात गावोगावच्या यात्रा भरतात. बैलगाड्यांचा घाट गाजतो आणि दिवस कलला की कुस्त्यांचा हगामा सुरू होतो. रेवड्यांवरच्या पोरांच्या कुस्त्या आधी, मोठ्या जोडी शेवटी. त्यामागे तालमीतली वर्षभराची मेहनत असते: पहाटेच्या जोर-बैठका, ताक, तेल आणि हळद घालून मळलेल्या लाल मातीतली लढत, आणि मेहनत झाली की रगडा. एक पैलवान मातीत पालथा पडतो, दुसरा त्याच्या मांड्यांवर टाचेने, पाठीवर कोपराने वजन टाकतो. मग अदलाबदल. पैसे घेऊन मालिश करणारा इथे कुणी नसतो.

तालमीत काय किंवा शहरी जिममध्ये काय, एक समजूत पक्की आहे: मालिशीने अंगात साठलेले लॅक्टिक ॲसिड निघून जाते. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठात जस्टिन क्रेन आणि मार्क टार्नोपोल्स्की यांनी ती तपासून पाहिली. ११ तरुणांना दमून थांबेपर्यंत सायकल मारायला लावली, मग प्रत्येकाच्या एकाच मांडीला १० मिनिटे मालिश केली आणि दोन्ही मांड्यांतून स्नायूचे बारीक तुकडे काढून तपासले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार लॅक्टिक ॲसिडमध्ये काहीच फरक नव्हता. पण मालिश केलेल्या मांडीत दाह वाढवणारे संदेश मंदावले होते, आणि पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या मायटोकाँड्रियाच्या निर्मितीचे संकेत वाढले होते. म्हणजे पैलवानांचा अनुभव खरा निघाला आणि त्याचे सांगितले जाणारे कारण चुकीचे ठरले.

इंग्लंडमधल्या शेफील्डच्या संशोधकांनी २०२० मध्ये २९ अभ्यास एकत्र तपासले. मालिशीने ताकद, धाव, उडी किंवा दम वाढतो, असा पुरावा त्यांना सापडला नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग भरून येते ते दुखणे थोडे कमी होते आणि लवचिकता किंचित वाढते, एवढे दिसले. रोज मेहनत करणाऱ्याला एवढेही पुरते. आजची ठणक कमी असली की तो उद्या पहाटे पुन्हा मातीत उतरू शकतो.

मात्र आखाड्यात पडून कोपर दुखावले, की लगेच तेल लावून रगडायची घाई नडते. ताज्या दुखापतीवर जोराने मालिश केली, तर कोपराभोवतीच्या स्नायूतच हाड तयार होऊ लागते आणि सांधा कायमचा आखडू शकतो. भारतातल्या अस्थिरोगतज्ज्ञांना असे रुग्ण नवीन नाहीत. मार लागल्यावर पहिले दोन-तीन दिवस बर्फाचा शेक आणि आराम, हाड मोडल्याची शंका असेल तर एक्स-रे. मालिश त्यानंतर, तीही डॉक्टरांना विचारून.

उसण आणि पायाळू

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात मालाचे क्रेट २० किलोचे. हंगामात हमाल ते दिवसभर उचलतो, रचतो, गाडीत चढवतो. पश्चिमेला भीमाशंकराच्या बाजूच्या गावांत पावसाळ्यात भाताची आवणी दिवसेंदिवस वाकून करावी लागते. पूर्वेच्या पट्ट्यात कांद्याची लागवड आणि काढणी, तीही उकिडवे बसून. या तिन्ही कामांचा भार शेवटी कमरेवर येतो.

अशात एखाद्या दिवशी वाकता वाकता उसण भरते. मग गावात पायाळू माणसाचा शोध सुरू होतो. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले तो पायाळू. त्याने पाठीला पाय लावला की उसण उतरते, अशी समजूत महाराष्ट्रभर आहे. पायाळूचा पाय लागतो, दोन-चार दिवसांत माणूस सरळ उभा राहतो आणि पायाळूचे नाव होते. अचानक उद्भवलेली साधी पाठदुखी बहुतेक वेळा काही दिवसांत किंवा आठवड्यांत आपोआप कमी होते, ही गोष्ट त्या श्रेयात वाटेकरी म्हणून कुणी मोजत नाही.

महिनोन्‌महिने चालणारी पाठदुखी वेगळी. अमेरिकेतल्या सिॲटल भागात डॅनियल चर्किन यांच्या गटाने अशा ४०१ जणांचे तीन गट केले. एकाला अंग सैलावणारी साधी मालिश, दुसऱ्याला स्नायू हेरून केलेली खास मालिश, तिसऱ्याला नेहमीचे उपचार. पहिल्या दोन गटांना दर आठवड्याला एक, अशा १० मालिशी मिळाल्या. दहा आठवड्यांनी दोन्ही गट तिसऱ्यापेक्षा स्पष्टपणे बरे होते आणि साध्या व खास मालिशीत सांगण्याजोगा फरक नव्हता. सहा महिन्यांनीही फायदा थोडाफार टिकला होता. वर्षअखेरीस तो जवळपास ओसरला. हे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

मात्रेचे मोजमापही झाले आहे. गुडघ्याच्या संधिवाताच्या १२५ रुग्णांवरच्या अभ्यासात आठ आठवडे, दर आठवड्याला ६० मिनिटे, ही मात्रा सर्वांत सोयीची ठरली. जुन्या मानदुखीच्या २२८ जणांत मात्र आठवड्यातून दोन-तीन वेळा ६० मिनिटांची मालिश लागू पडली. ३० मिनिटांच्या मालिशीचा उपयोग फारसा दिसला नाही. पर्यटनस्थळी एकदाच पैसे मोजून घेतलेली मालिश त्या संध्याकाळपुरते सुख देते. दुखणे हलवायचे असेल तर आठवडे धरून चालावे लागते.

वसतिगृहातली मान

मालिश आता चौथ्या जागीही लागू लागली आहे. अवसरी खुर्दच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातला, मंचर, जुन्नर किंवा घोडेगावच्या महाविद्यालयातला विद्यार्थी क्रेट उचलत नाही, पण परीक्षेच्या महिन्यात त्याची मान अवघडलेली असते. दिवसा लॅपटॉप, रात्री मोबाइल, आणि डोक्यात निकालाची धास्ती.

अमेरिका-कॅनडातल्या अनेक विद्यापीठांत व्यायामशाळेला लागून मालिशीची खोली असते. विद्यार्थी ३० किंवा ६० मिनिटांची वेळ आधी नोंदवतो, आजार-औषधांचा अर्ज भरतो आणि सवलतीत मालिश घेतो. यातून परीक्षेची काळजी कमी होते का? क्रिस्टोफर मोयर आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये ३७ अभ्यासांचा एकत्र हिशेब केला. एका मालिशीने त्या वेळची चिंता उतरते. लागोपाठ बऱ्याच मालिशी घेतल्या तर जुनाट चिंता आणि उदासी लक्षणीय कमी होते, असे त्यात दिसले. मात्र मालिशीने ताणाचे संप्रेरक कॉर्टिसॉल झपाट्याने घटते, हा लाडका दावा मोयर यांच्याच २०११ च्या पाहणीत टिकला नाही. घट अगदी किरकोळ निघाली.

आपल्याकडे विद्यार्थ्याने वेळ घ्यायची तर ती फिजिओथेरपिस्टकडे, किंवा पंचकर्म करणाऱ्या पदवीधर वैद्याकडे. फोन करतानाच काही गोष्टी विचारून घ्याव्यात. मालिश कोण करणार आणि त्यांचे शिक्षण काय? मुलीसाठी बाई, मुलासाठी पुरुष मिळेल का? तेल कोणते? वेळ किती, आणि त्यात तपासणीचा वेळ धरला आहे का? आपल्याकडूनही सांगायचे: जुनी दुखापत, चालू औषधे, विशेषतः रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, त्वचेचा आजार, ताप, गर्भारपण. जेवून लगेच जाऊ नये. दाब जास्त वाटला तर तिथल्या तिथे सांगावे; 'दुखल्याशिवाय गुण नाही' या म्हणण्याला आधार नाही. अंगावरचे किती कपडे काढायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे, आणि नको वाटले तर मध्येच उठून यायचा हक्क प्रत्येकाला आहे.

केशकर्तनालयातली चंपी ही स्वस्तातली सोय. तिचीच थोरली बहीण बिहारचे शेख दीन महंमद यांनी इंग्लंडला नेली; १८१४ पासून ब्रायटनच्या समुद्रकाठी त्यांनी वाफेची आंघोळ आणि मालिश सुरू केली आणि राजा चौथा जॉर्जही त्यांचे गिऱ्हाईक झाला. डोक्याच्या चंपीत धोका नाही. धोका असतो शेवटी हनुवटी धरून मान कडकन मोडण्यात. त्या झटक्याने मानेतली रक्तवाहिनी आतून फाटू शकते आणि तरुण माणसालाही पक्षाघात होऊ शकतो. खुर्चीत बसतानाच 'मान मोडू नका' म्हटले की काम झाले.

दर आठवड्याला पैसे मोजणे विद्यार्थ्याला झेपणारे नसते. त्यावर आयुर्वेदाचार्य वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त एक तोडगा आहे. त्याने दिनचर्येत रोजचा अभ्यंग, म्हणजे अंगाला तेल चोळणे, सांगितला आणि पुढे डोके, कान व पाय यांकडे विशेष लक्ष द्यायला सांगितले. कफाचे विकार, अजीर्ण किंवा नुकतीच शोधनाची क्रिया झालेली असेल, तर अभ्यंग टाळावा, हेही त्याने तिथेच नोंदवले. कानात तेल घालणे आजचे डॉक्टर मान्य करत नाहीत. उरले डोके आणि पाय. त्यासाठी वसतिगृहाच्या खोलीत चमचाभर खोबरेल, दहा मिनिटे आणि गादीवर अंथरायला जुना टॉवेल पुरतो. पाठीसाठी मात्र खोलीतल्या जोडीदाराला गळ घालावी लागते, आणि दुसऱ्या दिवशी त्याची पाठ चोळून द्यावी लागते.